बारसे खोल समुद्रातल्या ताऱ्याचे

दक्षिण पॅसिफिकमध्ये न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या अखत्यारीतला बेटांचा समूह आहे. त्याच्या पूर्वेला सुमारे २०० किलोमीटरवर पाण्यात बुडालेला एक पर्वत उभा आहे. बांक ड्युराँ हे त्याचे नाव. २०११ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाच्या ‘एक्सबोडी’ मोहिमेने या पर्वताच्या माथ्यावरून, साधारण अर्धा किलोमीटर खोलीवरून, जाळे ओढून वर काढले. जाळ्यात आलेल्या ढिगाऱ्यात एक विचित्र प्राणी होता. मधोमध जेमतेम तीन सेंटिमीटरची चकती आणि तिच्यातून फुटलेले आठ हात, प्रत्येक हात दहा सेंटिमीटर लांब, त्यावर आकड्यांच्या आणि काट्यांच्या रांगा.

हा प्राणी कोण हे जगाला कळले जून २०२१ मध्ये. ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’ या नियतकालिकात त्याचे वर्णन छापून आले आणि त्याला ‘ऑफियोजुरा एक्सबोडी’ हे नाव मिळाले. जाळ्यातून निघून कागदावर यायला दहा वर्षे लागली.

दहा वर्षे ऐकून भुवया उंचावतील. प्रत्यक्षात या क्षेत्रात ती कमीच म्हणायची. २०१२ साली पॅरिसच्याच संग्रहालयातल्या बेनुआ फोंतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला होता. एखाद्या नव्या जातीचा पहिला नमुना गोळा होणे आणि तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होणे यांत सरासरी २१ वर्षे जातात, असे त्यांना आढळले. म्हणजे आज बरणीत गेलेल्या प्राण्याचे बारसे व्हायचे, तेव्हा तो गोळा करणारा तरुण संशोधक पन्नाशीला टेकलेला असतो.

एरवी ही गोष्ट संग्रहालयांच्या तळघरातच राहिली असती. पण समुद्रतळावरच्या खाणकामाची घाई सुरू झाल्यापासून या २१ वर्षांना वेगळाच अर्थ आला आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी खोल समुद्रातल्या खनिजांच्या उत्खननाला गती देणारा आदेश काढला. त्यानंतर काही दिवसांतच ‘द मेटल्स कंपनी’ने १९८० च्या एका अमेरिकी कायद्याचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय पाण्यात व्यापारी उत्खननाची परवानगी मागितली. जमैकातल्या किंग्स्टन येथे मुख्यालय असलेले आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण मात्र जुलै २०२५ च्या अधिवेशनातही खाणकामाची नियमावली पूर्ण करू शकले नाही. अमेरिका या प्राधिकरणाची सदस्यच नाही. तीन डझनांहून अधिक देश तूर्त खाणकाम नकोच म्हणत आहेत. या सगळ्या वादात एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : तळावर राहते कोण? त्याचे उत्तर देण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या टेबलावर अजून न उघडलेल्या बरण्या आहेत.

यंत्रे आधी पोहोचतात की नावे, हे समजून घ्यायचे तर नाव कसे ठरते ते पाहावे लागेल. त्यासाठी ब्रिटल स्टार हा प्राणी उत्तम उदाहरण आहे. मराठीत त्याला ‘भंगुर तारा’ म्हणतात. तारामासा, सी अर्चिन, सागरी काकडी यांच्याच कंटकचर्मी संघातला हा प्राणी. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी एखादा दगड उलटला तर सापाच्या पिलांसारखे वळवळणारे बारीक हात क्षणभर दिसतात आणि फटीत गडप होतात, तो हाच. हाताला धरले तर हात तुटून आपल्या चिमटीत राहतो आणि मालक निघून जातो. तुटलेला हात पुढे पुन्हा उगवतो. भंगुर हे विशेषण त्यावरून आले. शास्त्रीय नावांत वारंवार येणारा ‘ऑफिओ’ हा तुकडा मात्र सापावरून आला आहे. ग्रीक भाषेत ‘ऑफिस’ म्हणजे साप. (कचेरीशी त्याचा काही संबंध नाही.)

तारामासा आणि हा, यांत फरक ओळखणे सोपे आहे. ताऱ्यामाशाचे हात मुळाशी रुंद असून अंगात मिसळून गेलेले असतात. भंगुर ताऱ्याची चकती वेगळी आणि बारीक हात वेगळे दिसतात. तारामासा पोटाखालच्या शेकडो इवल्या पायांवर सरकतो, हा हात वल्ह्यासारखे मारत चालतो. त्याला गुदद्वार नसते. तोंडातूनच खायचे आणि उरलेले तोंडातूनच टाकायचे. जगभरात त्याच्या सुमारे २,१०० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ खोल समुद्रात राहतात. चार-पाच किलोमीटर खोलीवरच्या गाळाच्या मैदानांवर कॅमेरा सोडला, तर हमखास दिसणाऱ्या मोठ्या प्राण्यांत हे असतातच.

आता त्यांतली एखादी जाती ओळखायची कशी? रंगावरून ओळखता येत नाही, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो. आकारावरूनही नाही, कारण पिल्लू आणि प्रौढ यांत इतका फरक असतो की एकाच जातीची पिल्ले वेगळी जाती म्हणून वर्णिली गेल्याचे दाखले आहेत. हातांच्या लांबीचाही भरवसा नाही. जाळ्यातून वर येताना निम्मे हात तुटलेले असतात आणि एखादा अर्धवट उगवलेला असतो. त्यामुळे तज्ज्ञ बघतात ते सांगाड्याकडे. या प्राण्याचे सगळे अंग चुन्याच्या तुकड्यांनी मढवलेले असते. चकतीच्या पाठीवर खवले, प्रत्येक हाताच्या मुळाशी पाठीवर दोन ढाली, खाली तोंडाभोवती आणखी ढाली, जबड्यांवर दात आणि दातांच्या कडेने बारीक उंचवटे. हाताच्या प्रत्येक पेराला वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना एकेक. बाजूच्या पट्टीवर काटे रोवलेले असतात. हाताच्या आत मणक्यांसारख्या तुकड्यांची माळ असते. या प्रत्येक गोष्टीची संख्या, आकार आणि मांडणी जातीगणिक बदलते.

तपासणी पाहिली तर ती सोनाराच्या दुकानातल्या कामासारखी वाटते. हाताचा छोटा तुकडा घेऊन तो घरगुती ब्लीचमध्ये टाकतात. मांस विरघळते आणि चुन्याचे तुकडे सुटे होतात. वाळूच्या कणाएवढे हे तुकडे ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलायचे, एका चकतीवर हव्या त्या बाजूला वळवून चिकटवायचे, त्यावर सोन्यासारख्या धातूचा अतिसूक्ष्म थर द्यायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. मग दिसते ती जाळीदार, मधाच्या पोळ्यासारखी रचना. बाजूच्या पट्टीवर काटा जिथे बसतो तिथल्या खोबणीचा आकार विशेष उपयोगी ठरतो. खोबणीला दोन ओठ आहेत की एक, ते सरळ आहेत की वाकडे, यावरून कुल ओळखता येते. आणि हेच तुकडे प्राणी मेल्यावर सुटे होऊन गाळात पडतात, दगड होतात आणि कोट्यवधी वर्षांनी सापडतात. म्हणून भंगुर ताऱ्याच्या अभ्यासात जिवंत प्राण्यांचा जाणकार आणि जीवाश्मांचा जाणकार यांना एकमेकांवाचून भागत नाही.

ऑफियोजुराच्या बाबतीत ब्लीचची अडचण होती. नमुना एकच होता. नाव जाहीर करताना एक नमुना कायमचा नामधारक म्हणून जपावा लागतो. त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. उद्या कोणाला शंका आली तर पुस्तक नव्हे, ती बरणी उघडून पाहायची असते. असा एकुलता एक नमुना तोडायचा तर किती? त्यावर आजच्या काळातला उपाय म्हणजे सूक्ष्म सीटी स्कॅन. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचेच हे बारीक काम करणारे भावंड. प्राणी जसाच्या तसा ठेवून आतले प्रत्येक हाड संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहता येते. या स्कॅनमध्ये दिसले की आठही जबडे धारदार दातांच्या रांगांनी भरलेले आहेत. भक्ष्य पकडून त्याच्या चिंध्या करायला ते उपयोगी पडत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

पुढचा टप्पा डीएनएचा होता. मेलबर्नच्या म्युझियम्स व्हिक्टोरियामधले टिमोथी ओ’हारा आणि अँड्र्यू ह्यूगल यांनी गेली काही वर्षे जगभरच्या भंगुर ताऱ्यांचा जनुकीय वंशवृक्ष बांधत आणला आहे. आठ हातांच्या या पाहुण्याला त्या वृक्षावर बसवायला गेल्यावर तो कुठल्याच माहीत असलेल्या फांदीवर बसेना. त्याच्या सर्वांत जवळच्या जिवंत नातेवाइकापासून तो सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला होता. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा थंड होऊन तयार झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याच्याही पावणेतीन पट मागे जावे लागते. लक्झेंबर्गच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले जीवाश्मतज्ज्ञ बेन थुई यांनी तिसरा धागा जोडला. उत्तर फ्रान्समधल्या जुरासिक काळातल्या खडकांत सापडलेले हातांचे इवले तुकडे या प्राण्याच्या तुकड्यांशी जुळत होते. म्हणून नावात ‘जुरा’ आले आणि मोहिमेची आठवण म्हणून ‘एक्सबोडी’.

वर्गीकरणशास्त्रात जाती, तिच्यावर प्रजाती आणि तिच्यावर कुल अशा पायऱ्या असतात. नावात प्रजाती आधी आणि जाती नंतर. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी लिहितात तसे. बहुतेक नव्या प्राण्यांना आडनाव आयते मिळते, नाव तेवढे नवे द्यावे लागते. ऑफियोजुराला आडनावही नवे द्यावे लागले आणि घराणेही. त्याच्यासाठी ‘ऑफियोजुरिडी’ हे स्वतंत्र कुल निर्माण करण्यात आले आणि त्या कुलात आज जिवंत म्हणून माहीत असलेला सदस्य हा एकटाच.

हे एवढे सविस्तर सांगायचे कारण असे की, नव्या जातीची बातमी वर्तमानपत्रात ‘शोध लागला’ अशा दोन शब्दांत येते. प्राणी सापडणे हा त्यातला सोपा भाग असतो. तो नवा आहे हे सिद्ध करण्यासाठी आधीच्या सगळ्यांचे वर्णन वाचावे लागते, आणि ते दीडशे वर्षांत, चार-पाच भाषांत विखुरलेले असते. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या जगप्रदक्षिणेत गोळा झालेल्या भंगुर ताऱ्यांवर अमेरिकेतल्या थिओडोर लायमन यांचा ग्रंथ १८८२ चा आहे. हिंदी महासागरातल्या खोल पाण्यातल्या जातींसाठी आजही उघडावे लागते ते फ्रान्समधल्या लियोंचे प्राध्यापक रेने कोलर यांचे १८९९ चे पुस्तक, आणि ते प्रसिद्ध झाले कलकत्त्याला. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सरकारी सर्वेक्षण जहाजाने बंगालचा उपसागर, अंदमान समुद्र आणि अरबी समुद्र यांतून काढलेले नमुने कोलर यांनी तपासले होते. लायमन किंवा कोलर यांच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांच्या चार ओळींच्या वर्णनात जे आले नाही ते बघायला मूळ नमुन्याकडेच जावे लागते. तो असतो कोलकात्यात, लंडनमध्ये, पॅरिसमध्ये किंवा हार्वर्डमध्ये. कधी सुकलेला, कधी हात गळालेला. फॉर्मालिनमध्ये राहिलेल्या जुन्या नमुन्यांमधून डीएनए मिळवणे तर फारच जिकिरीचे. इतके करून कळते की आपला प्राणी ‘नवा’ नाही, १८९९ मध्येच त्याचे बारसे झाले आहे. दोन वर्षांचे काम एका ओळीच्या नोंदीत संपते. संशोधकाच्या बढतीच्या अर्जात त्या ओळीला किती गुण मिळतात हे वेगळे सांगायला नको.

आता खाणकामाकडे. मेक्सिको आणि हवाई यांच्या मधल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात, चार ते साडेपाच किलोमीटर खोलीवर, बटाट्याएवढे काळे गोटे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबे असते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना यांतले निकेल-कोबाल्ट हवे आहे. हे गोटे दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर या गतीने वाढतात. सगळीकडे मऊ गाळ असलेल्या त्या मैदानावर कठीण अशी हीच एक जागा, म्हणून स्पंज त्यावर मूळ धरतात आणि स्पंजाच्या देठावर चढून भंगुर तारे हात पसरून बसतात. गोटा उचलला की हे सगळेच उचलले जाते.

खाणकामापूर्वी पर्यावरणाची पायाभूत पाहणी करण्याची अट असल्यामुळे या पट्ट्यात गेल्या दशकात जितके नमुने गोळा झाले तितके पूर्वी कधी झाले नव्हते. विरोधाभास असा की, समुद्रतळाच्या जीवनाविषयीचे बरेचसे नवे ज्ञान खाण कंपन्यांच्या पैशांतून आले आहे. २०१९ साली ‘करंट बायॉलॉजी’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागदालिनी ख्रिस्तोदुलू, ओ’हारा आणि सहकाऱ्यांनी या पट्ट्यातल्या आणि पेरूच्या खोऱ्यातल्या भंगुर ताऱ्यांचे डीएनए त्याच वंशवृक्षावर मांडले. सात कोटी वर्षांहून जुन्या, पूर्वी अजिबात माहीत नसलेल्या निदान तीन शाखा त्यांना सापडल्या. ही गोष्ट जिवाणूंची नाही. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या, कॅमेऱ्यात ठसठशीत उमटणाऱ्या प्राण्यांची आहे. २०२३ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या म्युरियल राबोन आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण पट्ट्याचा हिशेब केला. तिथे सुमारे ५,५७८ जाती असाव्यात आणि त्यांतल्या ८८ ते ९२ टक्के जातींना नाव नाही, असा त्यांचा अंदाज आहे.

मग या निनावी जातींची नोंद होते कशी? पर्यावरण अहवालात त्या ‘ऑफियाकँथा, जाती १’, ‘ऑफियाकँथा, जाती २’ अशा सांकेतिक क्रमांकांनी येतात. यावर एक मुद्दा मांडला जातो आणि तो टाकाऊ नाही. नावे नसली म्हणून काय बिघडले? मोजायला क्रमांक पुरतात. डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते दाखवूनही दिले. २०२२ मध्ये याच पट्ट्यात उत्खनन यंत्राची चाचणी झाली होती. यंत्राच्या चाकोरीत गाळातल्या छोट्या प्राण्यांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि जातींची विविधता ३२ टक्क्यांनी घटल्याचे लंडनच्या संशोधकांना आढळले. त्यासाठी प्रत्येक प्राण्याचे बारसे करावे लागले नव्हते, केवळ वेगवेगळे निवडून ठेवावे लागले होते.

पण एका चाकोरीपुरते हे ठीक आहे. एका कंत्राटदाराच्या अहवालातली ‘जाती १’ आणि शेजारच्या क्षेत्रातल्या दुसऱ्या कंत्राटदाराची ‘जाती ४’ या एकच आहेत का, हे क्रमांकांवरून कळत नाही. आणि तेच तर कळायला हवे. एखादी जाती हजारो किलोमीटर पसरलेली असेल तर एका तुकड्यातले उत्खनन ती पचवू शकेल. ती तेवढ्याच तुकड्यात असेल तर तिचा शेवट होईल. जुलै २०२५ मध्ये ‘नेचर’ मध्ये आलेल्या ओ’हारा यांच्या मोठ्या अभ्यासाने पहिल्या शक्यतेला बळ दिले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ४८ संग्रहालयांतल्या २,६९९ भंगुर ताऱ्यांच्या डीएनएवरून असे दिसले की, खोल समुद्रातले प्राणी उथळ पाण्यातल्यांपेक्षा कितीतरी अधिक दूरवर एकमेकांशी जोडलेले आहेत, अगदी आइसलंडच्या समुद्रापासून टास्मानियापर्यंत. अंड्यात भरपूर बलक असलेल्या त्यांच्या पिल्लांना थंड पाण्याच्या संथ प्रवाहांबरोबर दीर्घकाळ वाहत जाता येते. खाणकामाच्या समर्थकांना हा निष्कर्ष सोयीचा वाटू शकेल. पण त्याच समूहात ऑफियोजुरासारखा एका सागरी पर्वताच्या माथ्यावर मिळालेला एकटा वारसही आहे. सरासरी चित्र त्याला वाचवणार नाही. आणि मुळात हे सरासरी चित्र तरी निघाले कशातून? नाव आणि ठिकाण लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून कोणीतरी दशकानुदशके जपलेल्या बरण्यांतून.

नावाचा कायद्याशी संबंध कसा येतो याचे उदाहरण आपल्याच महासागरात आहे. मध्य हिंदी महासागरातल्या उष्ण झऱ्यांजवळ २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहयुक्त खवल्यांचे चिलखत होते. जगभर तिची छायाचित्रे झळकली, शोधनिबंध निघाले. पण तिचे रीतसर वर्णन होऊन ‘क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम’ हे नाव पक्के व्हायला २०१५ उजाडले. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, ती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून गेली. समुद्रतळावरच्या खाणकामाच्या धोक्यामुळे या यादीत आलेली ती पहिली जाती. नाव मिळेपर्यंतची चौदा वर्षे तिच्यासाठी यादीचा दरवाजा जवळपास बंदच होता. जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या खुल्या समुद्राच्या करारात संरक्षित क्षेत्रे आखण्याची तरतूद आहे. ती आखताना ‘जाती ४’ साठी कोण भांडणार, हा प्रश्न उरतोच.

भारत या विषयात प्रेक्षक नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या जहाजाने अरबी समुद्रातून पहिले बहुधात्वीय गोटे वर काढले. ते काम गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे. आज मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राच्या अन्वेषणाचे हक्क भारताकडे आहेत. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा जवळपास पाव हिस्सा. तिथे ३८ कोटी टन गोटे असल्याचा सरकारी अंदाज आहे. ‘वराह’ या देशी यंत्राने २०२१ मध्ये ५,२७० मीटर खोलीवर चालून दाखवले. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारे ‘मत्स्य ६०००’ तयार होत आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेसाठी पाच वर्षांना ४,०७७ कोटी रुपयांची तरतूद झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग पर्वतरांगेतल्या सल्फाइड खनिजांच्या शोधासाठी भारताने प्राधिकरणाशी आणखी एक करार केला. उष्ण झऱ्यांची आणि चिलखती गोगलगायीसारख्या प्राण्यांची वस्ती असते ती अशाच पर्वतरांगांवर.

पर्यावरणाचा विचार इथे झालाच नाही असे मुळीच नाही. १९९७ साली गोव्याच्या याच संस्थेने मध्य हिंदी महासागरात पाच किलोमीटरहून अधिक खोलीवर गाळ मुद्दाम ढवळून त्याचे परिणाम तपासले होते. असे प्रयोग करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारत होता. पेरूच्या खोऱ्यात १९८९ मध्ये जर्मन संशोधकांनी तळावर नांगर फिरवला होता. २६ वर्षांनी परत जाऊन पाहिले तेव्हा नांगराच्या रेषा जशाच्या तशा दिसत होत्या. कमतरता आहे ती वेगळ्या ठिकाणी. ढवळलेल्या गाळातून वर येणारे प्राणी कृमी, कवचधारी, भंगुर तारे अशा मोठ्या गटांत मोजले जातात. त्यापुढे जाऊन जाती ओळखायला त्या त्या गटाचा माणूस लागतो आणि अशी माणसे जगभरात प्रत्येक गटाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. विद्यापीठांत वर्गीकरणशास्त्र हा जुनाट विषय समजला जातो. त्याला ना चकचकीत प्रयोगशाळा लागते, ना त्यातून पेटंट निघते. तरुण संशोधक तिकडे वळत नाहीत आणि वळलेल्यांना पद मिळत नाही. यंत्र बनवणाऱ्यांसाठी निधी आहे, चाळणीवर उरलेले प्राणी ओळखणाऱ्यासाठी कायम नोकरी नाही, ही उफराटी मांडणी फक्त भारताची नाही. पण उत्खननाचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांना ती अधिक महागात पडेल. पायाभूत पाहणीच कच्ची असेल तर उद्याच्या पर्यावरण अहवालाला आंतरराष्ट्रीय मंचावर कोणीही आव्हान देऊ शकेल.

वेग वाढवता येतो, हेही दिसू लागले आहे. डीएनएचा तुकडा वाचणे स्वस्त झाले आहे. त्यामुळे शंभर नमुन्यांतले कोणते वीस खरोखर वेगळे आहेत हे आधी कळते आणि तज्ज्ञाचा वेळ त्या विसांवर खर्च होतो. जुन्या नामधारक नमुन्यांचे सीटी स्कॅन जालावर ठेवले तर गोव्यातल्या संशोधकाला पॅरिसचे तिकीट काढावे लागणार नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे कोलकात्यात ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या काळापासूनचा वारसा आहे. तो तसा खुला झाला तर हिंदी महासागरात काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होईल. यासाठी लागणारा खर्च एका पाणबुडीच्या तुलनेत किरकोळ आहे.

मध्य हिंदी महासागरातल्या गोट्यांसाठी भारताने प्राधिकरणाशी २००२ साली केलेला करार दोनदा वाढवून घेतला गेला आहे. त्याची सध्याची मुदत मार्च २०२७ पर्यंत आहे. दहा वर्षांत एका भंगुर ताऱ्याचे नाव ठरले, या हिशेबाने त्या मुदतीपूर्वी तिथल्या किती बरण्या उघडल्या जातील याचा अंदाज बांधणे अवघड नाही.